दुर्बिणीवर खापर कशाला?

पुणे-नाशिक रेल्वेमार्ग नारायणगावजवळच्या खोडदच्या ‘जीएमआरटी’ या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे वळवण्याच्या निर्णयावरून या दुर्बिणीला ‘विकासातला अडसर’ म्हटले जात आहे. ते पटत नाही. नारायणगावच्या टोमॅटोला रेल्वे हवीच, आम्हालाही हवी. पण ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना इथे आल्या त्या मोबाइल, विजेवरची रेल्वे अशांतून निघणाऱ्या रेडिओलहरींचा गोंगाट कमी म्हणूनच. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण, की तिथे पाहुण्यांना खिशातला मोबाइलही बंद करावा लागतो. याच अँटेनांनी १५० मेगाहर्ट्झवर सुमारे ९० टक्के आकाश धुंडाळून रेडिओलहरी सोडणाऱ्या सहा लाखांवर आकाशस्थ स्रोतांची यादी जगाला दिली. नव्या मार्गाची पहिली रेघ ओढतानाच पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या, ही दुर्बीण चालवणाऱ्या ‘एनसीआरए’ या संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलवावे.

– एक वाचक, जुन्नर