मुसळ, उंट आणि मोठा मासा

संपादक महोदय,

ख्रिस्ती श्रद्धेवरचे प्रश्न गटाच्या बैठकीत हसतखेळत घेतले की श्रद्धेचा मान जातो, अशी तक्रार अधूनमधून होते. बायबल नीट वाचणाऱ्याला ती पटू नये. डोळ्यात मुसळ असताना भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला निघालेला माणूस (मत्तयाचे शुभवर्तमान, अध्याय ७), सुईच्या नेढ्यातून जाणारा उंट (मार्क १०) ही चित्रे येशूनेच रंगवली. अब्राहामाचा मुलगा इसहाक, त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘तो हसतो’.

मात्र विनोद घ्यायचा तो मजकुरातलाच. बाहेरून आणलेला चुटका लक्षात राहतो आणि प्रश्न विसरला जातो. सुरुवातीला बायबलातले योना या संदेष्ट्याचे पुस्तक उत्तम. चार अध्याय, ४८ वचने; दहा मिनिटांत मोठ्याने वाचून होते. आधी विचारावे, योनाला कोणी गिळले? ‘देवमाशाने’ हे उत्तर हमखास येते. पुस्तकात नुसता ‘मोठा मासा’ आहे. पण माशापाशीच रेंगाळलो तर पुस्तक हातचे गेले. खरी गंमत संदेष्ट्यात आहे. देवाने निनवे शहर नाशातून वाचवले म्हणून तो रुसतो, सावलीचे झुडूप वाळले म्हणून मरण मागतो. १,२०,००० हून अधिक माणसे आणि इतकी गुरेढोरे, यांची मला कीव येऊ नये काय, असे देव विचारतो आणि पुस्तक तिथेच थांबते. उत्तर गटाला शोधू द्यावे.

प्रश्न बिननावाच्या चिठ्ठ्यांवर घ्यावेत, कारण शंका उघड विचारायला माणूस बिचकतो. पाऊण तासाला चार प्रश्न पुष्कळ झाले. मुद्दा बायबलातला, चर्चच्या शिकवणीतला की नुसत्या प्रथेतला, हे आधी सांगावे. बाळ येशूला भेटायला आलेले मागी (पूर्वेकडचे ज्ञानी) तीनच होते असे मत्तय म्हणत नाही, भेटवस्तू तीन होत्या. एदेन बागेतले फळ सफरचंद होते, हेही उत्पत्तीच्या पुस्तकात नाही.

सोपे करण्याच्या नादात सर्वांत मोठा घोळ त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीचा होतो. पाणी, बर्फ, वाफ हा दाखला चटकन पटतो, पण त्यातून एकच देव आळीपाळीने तीन रूपे घेतो असे ठरते. तिसऱ्या शतकात सबेल्लियसच्या नावाने ओळखले गेलेले हे मत चर्चने नाकारले. येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग (मत्तय ३) वाचून पाहा. पुत्र पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो, पित्याची वाणी आकाशातून होते, आणि हे सारे एकाच वेळी. त्रिदल पानाचा दाखला उलट बाजूला घसरतो. तिथे प्रत्येक दल देवाचा तिसरा हिस्सा होऊन बसते. दाखला द्यावाच लागला, तर तो कुठे तुटतो तेही लगेच सांगावे.

चिठ्ठ्या आधी एकट्याने वाचून घ्याव्यात. ‘देवाने माझे मूल का नेले?’ अशी एखादी निघाली तर ती हसऱ्या बैठकीत वाचू नये, तिच्यावर तयार उत्तरही ठेवू नये. लाजर या मित्राच्या कबरेपाशी येशूही रडला (योहान ११). कोणी लिहिली हे शोधू नये. ‘ज्यांना निवांत बोलायचे आहे त्यांच्यासाठी मी नंतर थांबतो’ एवढे सर्वांना सांगावे आणि खरोखर थांबावे.

– एक वाचक