चावणारी माशी आधी ओळखा

मा. संपादक,

पावसाने उघडीप दिली की जिल्ह्यातल्या गोठ्यांत माश्या वाढतात आणि सगळीकडे एकच सल्ला मिळतो: साखरेचं विषारी आमिष ठेवा. घरमाशीवर ते चालतं. पण म्हैस सारखी पाय आपटत असेल, धारेला स्थिर उभी राहत नसेल, तर तिथे बहुधा चावरी माशी असते. तिच्यात नर-मादी दोघेही रक्त पितात, आमिषाकडे त्या सहसा फिरकत नाहीत. पैसे वाया जातात आणि जनावराचे हाल चालूच राहतात.

दोन्ही माश्या आकाराने जवळपास सारख्या, राखाडी. दोघींच्या पाठीवर चार काळपट रेघा. माशी चापटीने मारू नका, तोंडाचा भाग चिरडतो. पारदर्शक बाटलीत पकडा, १०-१५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि पांढऱ्या कागदावर घेऊन दहापट भिंगातून बाजूने पाहा. घरमाशीची सोंड मऊ, टोकाला पसरट, डोक्याखाली लोंबती. चावरीची काळी, ताठ, सुईसारखी, चावत नसतानाही डोक्यापुढे आलेली. ही एक खूण पुरते. तरी शंका राहिली तर पोट पाहा: घरमाशीचं बाजूंना पिवळसर, चावरीचं राखाडी आणि त्यावर गोल काळे ठिपके. पंखाची चौथी शीर घरमाशीत टोकाजवळ कोन करून वळते, चावरीत हलकीच वाकते.

खांद्यावर, पाठीवर थव्याने बसणाऱ्या निम्म्या आकाराच्या माश्या निराळ्या. त्या शेणाच्या ताज्या पोवात अंडी घालतात.

चावरीला मात्र नुसतं शेण नको, कुजकी ओली वैरण लागते. आपल्याकडे उसाचं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, भरपूर. गव्हाणीतून पडलेलं वाडं शेणामुतात भिजून कोपऱ्यात राहिलं की तिची सोय झाली. अंड्यापासून माशी व्हायला उबदार हवेत साधारण दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून दर आठवड्याला गव्हाणीखालचा, भिंतीकडेचा सगळा थर खरवडून उन्हात पातळ पसरावा. ढीग करून ठेवला तर आतला ओलावा टिकतो आणि अळ्या वाचतात. अनेक जण नेमके इथेच चुकतात.

पायांवर मारलेलं औषध ओल्या गवताने, चिखलाने लवकर धुऊन जातं; फवारणीवर सगळी भिस्त ठेवणं मला पटत नाही. गरज किती, ते सकाळी पाहावं: काही जनावरांच्या पुढच्या पायांवरच्या माश्या मोजा. एका पायावर सरासरी पाचच्या वर असतील तर त्रास दुधावर आणि वजनावर दिसू लागतो. शिवाय ही माशी एका जनावराला अर्धवट चावून दुसऱ्यावर बसते, त्यातून ‘सर्रा’सारखा रक्तातल्या परजीवींचा आजार पसरू शकतो.

गावोगावच्या दूध संस्थांनी संकलनाच्या टेबलावर एक दहापट भिंग आणि दोन्ही माश्यांचं मोठं चित्र ठेवावं, ही विनंती. सभासद सकाळ-संध्याकाळ तिथे येतातच. बाटलीतली माशी तिथेच ओळखून घेता येईल.

— एक पशुवैद्यक, कोल्हापूर