चपला द्या, पण जोडी बांधून

महोदय,

पावसाळा तोंडावर आला आहे. कुठे पूर आला की पुण्यातून मदतीचे टेम्पो निघतात, आणि त्यात चपला-बुटांची पोती असतातच. त्याविषयीच लिहीत आहे, कारण आम्ही यात एकदा मोठी चूक केली आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात शिरोळ तालुक्यातली गावे बुडाली, तेव्हा आमच्या सोसायटीने दोन दिवसांत अकरा पोती चपला गोळा केल्या. तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात पोती ओतली, तर निम्म्या जोड्या फुटलेल्या. एक वयस्कर मावशी डाव्या पायाची निळी स्लिपर हातात धरून ढिगात उजवी शोधत होत्या. मीही त्यांच्याबरोबर बसून शोधली. सापडली नाही. शेवटी एका पायात निळी, दुसऱ्यात तपकिरी घालून त्या घरातला गाळ उपसायला गेल्या. ढिगात उंच टाचांच्या सँडल होत्या, लग्नातल्या मोजड्या होत्या, बुरशी आलेले चामड्याचे बूट होते. आजही ते आठवले की लाज वाटते.

पाणी चढते तेव्हा माणसे जीव घेऊन निघतात, चपला राहून जातात. पायात काही हवे असते ते पाणी ओसरल्यावर. घरात गुडघाभर गाळ, आणि त्याखाली काचा, खिळे, फाटलेले पत्रे. पाय कापला तर धनुर्वाताची भीती. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी जखमेत गेले तर लेप्टोस्पायरोसिसचा ताप. दिवसदिवस ओल्यात राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात त्या वेगळ्याच. अशा वेळी गमबूट हवेत, ते नसतील तर मागे पट्टा असलेल्या प्लास्टिकच्या सँडल. साधी स्लिपर गाळात रुतून बसते.

त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याचे पाणी आमच्याच भागात घुसले. ओढ्याकाठचे लोक लेकरांना कडेवर घेऊन अनवाणी रस्त्यावर आले, आणि आमच्याकडे द्यायला एक धड जोड नव्हता.

तेव्हापासून आम्ही पुराची वाट पाहत नाही. शाळांना सुट्टी लागली की मुलांचे आखूड झालेले बूट मागून घेतो. बहुतेक चांगलेच असतात. गेटवर खोके ठेवून देत नाही. दोघे जण टेबल टाकून बसतात आणि प्रत्येक जोड हातात घेऊन बघतात. उसवलेले कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्या काकांकडे, मजुरी देऊन. मग धुऊन, वाळवून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून जोडी सुतळीने बांधायची. पोत्यावर मार्करने ‘बायका, ५’ किंवा ‘मुले, १२’ असे ठळक लिहायचे. टेम्पो भरण्याआधी सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना फोन करून कुठले नंबर हवेत ते विचारायचे. हा फोन कृपया कुणी टाळू नये.

गणेश मंडळांकडे जागा आहे, कार्यकर्ते आहेत. प्रत्येक पेठेत एका मंडळाने एवढे काम अंगावर घेतले तरी पुरे.

आमच्या सायकल स्टँडशेजारच्या खोलीत सध्या एकशे चाळीस जोड बांधून तयार आहेत. मुलांचे पुष्कळ जमले आहेत. पुरुषांचे ८ आणि ९ नंबरचे गमबूट मात्र अजून हवे आहेत.

— एक वाचक, सहकारनगर, पुणे