बाई, थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं होतं

बाई, नमस्कार.

खरं तर हे फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषय कापता, म्हणून लिहून काढतेय आणि सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे तुम्हाला मध्येच थांबवता येणार नाही. तुमच्यासोबत आपली टीम फिलिपिन्सला लीडरशिपच्या ट्रेनिंगला जाऊन आली, तेव्हापासून जो भेटेल तो विचारतो, काय मंग, लीडरशिप शिकून आली का? आता याला काय सांगणार. सर्टिफिकेट दाखवलं की लोक खुश होतात. मनिलातल्या एसी हॉलमधली ती सेशन्स, भिंतीवर चिकटवायचे रंगीत कागद, "तुमचं व्हिजन एका ओळीत लिहा", त्यातलं मला आता फारसं काही आठवत नाही आणि टीममधल्या कोणाला आठवत असेल असं वाटत बी नाही. आठवतं ते तुमचं पैशाचं पाकीट.

पण पाकिटाआधी आबांचं सांगते, कारण तुम्ही घरी आला नसता तर मी विमानात बसलेच नसते. आमच्या यावल तालुक्यात पोरगी पुण्याला नोकरीला गेली तर आता कोणी काही म्हणत नाही, पण परदेशात, तेबी अनोळखी पोरापोरींसोबत, म्हटल्यावर घरात दोन दिवस कोणी धड बोललं नाही. तुम्ही अमळनेरहून एसटीने आलात, ओट्यावर बसलात, मला वाटलं झालं, आता मुलींच्या शिक्षणावर भाषण होणार. तुम्ही आबांना विचारलंत, यंदा जुन्या केळीच्या पिलांवर पिलबाग ठेवला की नवी लागण केली? मग कांदेबाग म्हणजे पावसाळ्यानंतरची लागण, पानावरचा करपा रोग, व्यापारी कटाई कशी लांबवतो आणि मग भाव कसा पाडतो, हे सगळं गाऱ्हाणं तुम्ही शांतपणे ऐकून घेतलं. भरीत-भाकरी झाली, आणि हात धुता धुता सहज म्हणालात, "तिकडं फिलिपिन्सच्या दावावहून केळी जपानला जाते, खोक्यात तोलून. पोरगी पाहून येईल, तुम्हाला सांगेल." आबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीला किक मारून म्हणे चल, पासपोर्टच्या कामाला जळगावला जायचंय ना.

आता पाकीट. दिवसभराच्या खर्चाचे पेसो मोजून एका खाकी पाकिटात आणि ते पाकीट रोज वेगळ्याच्या हातात, ज्याच्याकडे पाकीट त्याचा शब्द शेवटचा, टीम लीडरचासुद्धा नाही, हा तुमचा नियम ऐकून आम्ही हसलो होतो, वाटलं हा बाईंचा शाळेतला मॉनिटरचा खेळ. मनिलाच्या एअरपोर्टवर हसू गेलं. बाहेर धो धो पाऊस, दावावची फ्लाइट रद्द, आणि पाकीट नेमकं टीममधल्या सगळ्यात लहान पोराकडे, आमच्या नंदुरबारच्या फिजिओकडे, ज्याचा आवाज तोपर्यंत आम्ही धड ऐकला बी नव्हता. धुळ्याचे बँकवाले दादा काउंटरवर चढून भांडायला लागले, भुसावळची इंजिनिअर म्हणे मी हॉस्ट लोकांना फोन लावते, पाचोऱ्याचे सीए म्हणे आधी रिफंडचं लेखी घ्या, आणि सगळे वळून वळून तुमच्याकडे पाहताय. तुम्ही खुर्चीवर मांडी घालून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. "पाकीट कोणाकडे आहे त्याला विचारा," एवढंच. तेव्हा खरं सांगू, राग आला होता तुमचा. आणि मग त्या पोराने पैसे मोजले, तिथल्या सिक्युरिटी गार्डला जाऊन अर्ध्या इंग्रजीत अर्ध्या खुणांत काहीतरी विचारलं, परत येऊन म्हणाला, जवळच एक साधं लॉज आहे, आज तिथं राहू, सकाळच्या फ्लाइटला नावं लागलीयेत, आणि दादा तुम्ही आता भांडू नका, काउंटरवरची मुलगी रडायला आलीये. दादा गप्प! त्या दिवसानंतर त्या पोराला कोणी "ए बारक्या" म्हटलं नाही.

मनिलातली तुमच्यामुळे झालेली अजून एक गोष्ट म्हणजे रोहास बुलेव्हार्डवरचं ते रॅमन मॅगसेसे सेंटर. आम्ही आपले समुद्राकडे तोंड करून सेल्फी काढतोय आणि तुम्ही बिल्डिंगकडे बोट दाखवून विचारताय, पहिल्याच वर्षी, १९५८ ला, सामाजिक नेतृत्वाचा मॅगसेसे पुरस्कार कोणाला मिळाला? कोणालाच येईना. विनोबांना. मग तुम्ही धुळ्याच्या दादांकडे वळलात. हेच विनोबा १९३२ मध्ये तुमच्या धुळ्याच्या जेलमध्ये होते, दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि आमच्या अमळनेरचे साने गुरुजी, तेबी तिथंच कैदेत, ते सगळं उतरवून घ्यायचे. दादा रोज त्या जेलवरून ऑफिसला जातात, त्यांना हे मनिलाला येऊन कळलं. आणि वरतून तुम्ही २०११ ला मॅगसेसे मिळालेल्या नीलिमा मिश्रांचं काढलंत, बहादरपूर, पारोळा तालुका, बचत गटाच्या बायका, गोधड्या. म्हणजे एवढा व्हिसा, एवढं तिकीट, आणि पाहायचं ते पारोळ्याच्या एसटीत बसून बी दिसलं असतं. तुम्ही हे म्हणाला नाहीत, हसलात फक्त. पण आल्यावर भुसावळची इंजिनिअर खरंच बहादरपूरला जाऊन आली, तुम्हाला सांगितलं का तिने?

खाण्याचं जास्त लिहीत नाही, भात आणि डुक्कर, डुक्कर आणि भात, तुमचे बिबडे आणि ठेचा नसता तर आम्ही शाकाहारी लोक वाळून परत आलो असतो. फक्त ती काडीला टोचून गुळचट साखरेत तळलेली केळी मात्र रोज. आणि केळीचा केचप! टोमॅटोची टंचाई म्हणून मारिया ओरोसा नावाच्या बाईंनी तो शोधून काढला, त्या १९४५ च्या मनिलाच्या लढाईत गेल्या. आपण जळगाववाले केळीचे वेफर्स तळले की झालं समजतो.

दावावचं मात्र सविस्तर लिहिणार, तिथं तर मी तुमच्यामुळेच बोलले. बागेच्या गेटवर तो फूटबाथ होता, उथळ हौद, त्यात औषधाचं पाणी, प्रत्येकाने बूट बुडवूनच आत जायचं. केळीच्या पनामा मर रोगाची जी नवी जात आहे, टीआर-४, ती मातीतून पसरते, बुटाला लागलेल्या चिखलातून बी, आणि एकदा जमिनीत शिरली की वर्षानुवर्षं राहते, औषध नाही. आम्ही सगळे भराभर पाय बुडवून आत. तुम्ही साडीच्या निऱ्या वर खोचल्या, एक पाय उचललात आणि तसाच धरून मॅनेजरला विचारलंत की चिखल लागलेला बूट असाच बुडवला तर औषध चिखलातच संपत असेल ना, मग हे पाणी बदलता कधी? तो माणूस एक मिनिट गप्प. मग त्याने आम्हाला सगळ्यांना परत बाहेर बोलावलं, नळाशी नेलं, ब्रशने तळवे घासायला लावले आणि मगच हौदात. म्हणे नियम हाच आहे, पाहुणे आले की आम्ही सोडून देतो. विज्ञानाच्या बाई रिटायर होत नाहीत हे मला तेव्हा कळलं.

आत काय बाग होती! प्रत्येक घडाला निळी पिशवी, डोक्यावरून जाणारी लोखंडी तार, तिला घड लटकवायचे आणि एक माणूस कमरेला दोर बांधून पूर्ण आगगाडीच ओढत पॅकहाऊसला नेतो, घड जमिनीला टेकत नाही की ट्रॉलीत आपटत नाही. आपल्याकडे घड डोक्यावरून बांधावर, बांधावरून ट्रॅक्टरमध्ये, आणि मग डाग पडला म्हणून व्यापारी भाव कापतो. तिथं पाण्याच्या टाकीत फण्या तरंगत जातात, चीक धुतला जातो, तेरा किलोचं खोकं भरतं.

हे पाहून मी भारावले होते, पण तुम्ही म्हणालात आता सोसायटीवाल्यांशी बोल. १९८८ च्या जमीन सुधारणा कायद्यामुळे जे मजूर मालक झाले त्यांची सोसायटी, चेअरमन बाई स्वतः आधी पॅकिंगला होत्या. पाकीट त्या दिवशी माझ्याकडे होतं. माझं इंग्रजी तुम्हाला माहीतेय. आधी त्यांनीच सांगितलं, जमीन आमची झाली पण खरेदी कंपनीचा करार लांब मुदतीचा, भाव त्यात लिहिलेला, खत-औषध महागलं तरी तोच. ते ऐकलं आणि माझी भीती गेली, कारण हे तर आबांचंच गाऱ्हाणं! मग मी रावेर-यावलचं सांगितलं, मेमध्ये ४५ डिग्री, वादळात निसवलेली, म्हणजे घड आलेली बागच्या बाग आडवी, ड्रिपवर कशी जगवतो. त्यांच्याकडे बारा महिने पाऊस. ४५ चा आकडा त्यांना पटेचना, मोबाईलवर काढून दाखवला तेव्हा चेअरमन बाईंनी कपाळाला हात लावला. तुम्ही मागच्या बाकावर बसून डायरीत काहीतरी लिहीत होता, मान सुद्धा वर केली नाही. मी दोनदा अडकले, दोनदा तुमच्याकडे पाहिलं. धन्यवाद बाई, मान वर केली नाही म्हणून.

आता आमच्या बागेच्या तोंडाशी एक टब आणि ब्रश ठेवलाय. आपल्याकडे बिहार-यूपीत हा रोग सापडलेला आहे आणि आपले ट्रक तर रोज उत्तरेलाच जातात. आबा आधी म्हणे केळीत जायचं का देवळात. आता कटाईची टोळी आली की स्वतःच ओरडतात, ए भाऊ, पाय! शेजारचे अजून हसताय, हसू द्या.

सावद्याला पॅकहाऊसमध्ये फण्या धुणाऱ्या, खोकी भरणाऱ्या बायांची पुढच्या महिन्यात मीटिंग ठेवतोय, हजेरी आणि मजुरीचा हिशोब त्यांच्या हातात लेखी यावा म्हणून. मालक तयार आहेत, मुकादम नाही. तुम्ही यायचं. मागच्या बाकावर जागा ठेवते. आणि येताना मुक्कामाच्या तयारीने या, भरीताची वांगी निघालीयेत, आबांनी तुम्हाला खास निरोप द्यायला सांगितलाय.

तुमची,
यावलची केळीवाली