काय गाळायचे, हे ठरवण्यापूर्वी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोललीस, तेव्हा तुमच्या गटातला वाद कुठवर गेला आहे ते कळले. व्हिडिओ गेम सबमिशनपर्यंत पुरा होणार नाही, म्हणून काही लेव्हल्स गाळाव्यात असे कोडिंग करणारे म्हणतात, आणि जिने जागरणे करून त्यांची चित्रे काढली, तिला ते सहन होत नाही. गटाची जबाबदारी तुझ्यावर असल्याने दोघांचेही बोल तुलाच ऐकावे लागतात.

अमेरिकेत रेडमंड येथील डिजिपेन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २००५ साली ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ हा गेम केला. त्यातली राजकन्या अंधारकोठडीत अडकलेली आहे आणि तिला उडी मारता येत नाही. भिंतीवर वा जमिनीवर दोन दारे उघडायची, एकातून शिरून दुसऱ्यातून निघायचे, या एकाच कल्पनेवर सारी कोडी उभी आहेत. व्हॉल्व्ह कंपनीने तो पाहून त्या मुलांना नोकरी दिली आणि त्याच कल्पनेतून २००७ साली ‘पोर्टल’ हा गेम आला. तो घडत असताना नवख्या माणसांना खेळायला बसवून, ती कुठे अडतात हे पाहून रचना बदलली जात असे. तुमच्या वादावर मला हाच मार्ग योग्य वाटतो.

गटात मतदान घेऊ नकोस. तिथे चित्रकार एकटी आहे आणि कोडिंग करणारे तिघे. आहे तेवढ्याचा बिल्ड, म्हणजे खेळता येईल अशी प्रत, तयार करा, गेम कधीही न पाहिलेल्या होस्टेलमधल्या कुणाला तरी खेळायला द्या, आणि खेळणारा कितीही चुकला तरी कुणीही सूचना न देता, तो कुठे थांबतो, कुठे कंटाळतो आणि कुठे पुन्हा खेळावेसे म्हणतो, ते सर्वांनी लिहून काढा. मग गाळायच्या गोष्टी ठरवा. त्यात लेव्हल्स असतील, तशी शत्रूंच्या हालचालींची ती अवघड प्रणालीही असू शकेल, जिच्यासाठी तुमचे मित्र इतके आग्रही आहेत. एकाच्याच ताटातले काढून घेतले, तर तो गट शेवटपर्यंत मनापासून काम करत नाही, असे माझे ठाम मत आहे.

चित्रकार मैत्रिणीची लेव्हल वगळावीच लागली, तर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर न कळवता आधी तिला भेटून सांग. त्यातली पार्श्वभूमी उरलेल्या लेव्हल्समध्ये कुठे वापरता येईल, हे तिच्यासोबत बसून पाहा. ती चित्रे तिच्या पोर्टफोलिओत जाण्यास कुणाची हरकत नसावी. शिवाय प्रत्येकाने केलेले काम रोजच्या रोज एकत्र जोडत जा, कारण सबमिशनच्या आदल्या रात्री सगळे जोडायला गेल्यास निघणारे बग शोधायला वेळ उरत नाही.

बिल्ड झाला की इकडेही पाठव. आईने आणि मी असे गेम खेळलेले नाहीत, तेव्हा सूचना न वाचता आम्ही कुठे अडतो, तेही तुम्हाला टिपून घेता येईल.

तुझे
बाबा