पेपर अर्धा कोरा, शेरा मात्र ‘आळस’

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

सहामाहीचे पेपर घरी आलेत. माझी नात सहावीत आहे. गणितात पहिली नऊ उदाहरणं बरोबर, पुढची सहा कोरी. खाली लाल शाईत शेरा : ‘वेळ वाया घालवते. आळस.’ मी जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं शिकवलं. हा शेरा माझ्याही हातून किती वह्यांवर पडला असेल, देव जाणे. म्हणून त्या बाईंवर रागवायचा मला फारसा हक्क नाही. पण त्यांना जे कुणी सांगितलं नाही, ते इथे लिहिते.

नातीला मोयामोया नावाचा दुर्मीळ आजार आहे. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या कवटीत शिरून जिथे त्यांना फाटे फुटतात, तिथेच हळूहळू चिंचोळ्या होत जातात. मग शरीर आपणहून बारीक बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं विणतं. अँजिओग्राफीत ते जाळं धुरासारखं दिसतं. जपानी डॉक्टरांनी १९५७ साली असा पहिला रुग्ण नोंदवला आणि १९६९ साली सुझुकी आणि ताकाकू यांनी आजाराला हे नाव दिलं. मोयामोया म्हणजे तरंगणारा धूसर धूर. नाव कानाला गोड, म्हणून ऐकणारे आधी हसतात. आम्हीही हसलो होतो.

ती पाच वर्षांची असताना हट्ट करून रडली की तिचा डावा हात लुळा पडायचा. दहा मिनिटांत परत ठीक. “नाटकं करते,” असं मीच म्हणायची, आणि सुनेलाही तेच पटवलं होतं. मग एका दिवाळीत पहाटे अंघोळीच्या पाण्याची चूल पेटवताना ती हौसेने फुंकणी घेऊन बसली. पाच-सहा फुंकरा झाल्या, फुंकणी हातातून गळाली आणि तोंड वाकडं झालं. तेव्हा कुठे आम्ही कराडहून पुण्याला गेलो. डॉक्टरांनी कारण समजावलं. जोरजोरात श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच उपाशी असलेल्या भागाचं रक्त आणखी तुटतं. जपानमध्ये गरम नूडल्स फुंकताना, माउथ ऑर्गन वाजवताना मुलांना असंच होतं म्हणे. तिकडे नूडल्स, आमच्याकडे फुंकणी.

एमआरआयमध्ये दोन जुने डाग निघाले. म्हणजे मी नाटकं म्हणून झिडकारलेल्या वेळांपैकी निदान दोन वेळा मेंदूचा तुकडा कायमचा गेला होता. असो.

ऑपरेशन दोन्ही बाजूंना झालं, चार महिन्यांच्या अंतराने. डोक्याच्या कातड्यातली धमनी मोकळी करून मेंदूच्या पृष्ठभागावर बसवतात आणि तिच्यातून पुढच्या काही महिन्यांत नव्या वाहिन्या फुटतात. शेतातल्या पाटाला दुसऱ्या विहिरीचं पाणी जोडावं, तसं. त्यानंतर हात एकदाही लुळा पडलेला नाही. रोज अ‍ॅस्पिरिन, दप्तरात पाण्याची बाटली आणि निर्जळी उपवासाला सक्त मनाई, एवढंच पथ्य. डॉक्टरांचे उपकार फिटायचे नाहीत.

तक्रार आहे ती घरी सोडतानाच्या कागदाबद्दल. त्यात औषधं होती, टाके कधी काढायचे ते होतं, पुढच्या स्कॅनची तारीख होती. डोकं चालतं कसं, हे तपासून घ्या अशी एक ओळसुद्धा नव्हती. हात हलतो, पोर बोलते, म्हणजे बरी झाली.

तिसरी-चौथीत फरक जाणवू लागला. गोष्टी तोंडपाठ, वाचन खणखणीत, पण “दुकानातून गूळ आण, येताना दूधवाल्याला सांग आणि आजोबांना जेवायला हाक मार” म्हटलं की गूळ तेवढा यायचा. पाढे येतात, पण सातचा पाढा म्हणायला इतर पोरांच्या दुप्पट वेळ. फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत बाईंनी फळा पुसलेला.

एका ठिकाणी बुद्धिमापन करून घेतलं. चाचणी नागपूरच्या मॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली, १९६९ची. आमच्या ट्रेनिंग कॉलेजात तिचं नाव ऐकलं होतं. भाषिक भागात १०४, कृतीच्या भागात ८२, सरासरी ९३. अहवाल दोन ओळींचा : ‘बुद्ध्यांक सर्वसाधारण.’ १०४ आणि ८२ यांची सरासरी काढणं म्हणजे एक पाय उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात आणि माणूस मजेत आहे म्हणणं. त्याच चाचणीत आकृत्यांखाली ठरलेली चिन्हं झरझर भरायचा एक भाग असतो. तिथे ती पार मागे पडली होती. उत्तर तिथेच होतं. कुणी पाहिलं नाही, कारण फॉर्मवर रकाना एकच, बुद्ध्यांकाचा.

त्या रकान्यामुळे परीक्षेत जादा वेळ मिळायच्या सवलतीचं दारही बंद झालं. दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. बौद्धिक अक्षमता म्हणावी तर ९३ पुष्कळ झाले. अध्ययन अक्षमतेच्या तपासणीला बुद्ध्यांक ८५च्या वर लागतो, तो आहे, पण त्यात वाचन, लेखन, गणित कच्चं निघावं लागतं. हिला सगळं येतं. फक्त उशिरा येतं. उशिराला प्रमाणपत्र नाही.

शेवटी पुण्यातल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी दोन दिवस, थोडं थोडं करून, नीट तपासलं. हात मंद आहे की विचार, हे वेगळं काढायला आधी नुसती बोटं टेबलावर आपटायला लावली. मग उलटे आकडे म्हणणं, विखुरलेले अंक क्रमाने जोडणं, शब्दांची यादी अर्ध्या तासाने पुन्हा आठवणं. सुनेला आणि वर्गशिक्षिकेला वेगळी प्रश्नावली. निष्कर्ष असा, की भाषा आणि शिकलेलं ज्ञान उत्तम. वेग, एका वेळी चार गोष्टी मनात धरणं आणि कामाची आखणी कमजोर. कारणही सांगितलं : चिंचोळ्या झालेल्या धमन्या मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त देतात आणि ही कामं बरीचशी तिथली. स्कॅनमध्ये डाग नसलेल्या मुलांतही, नुसत्या अपुऱ्या रक्ताने, असं होऊ शकतं. चार पानांचा तो अहवाल वाचून मुलगा म्हणाला, “आई, ही आपलीच पोरगी आहे.” आधीच्या दोन ओळींबद्दल तसं कुणी म्हणालं नव्हतं.

तिथेही काही चाचण्यांच्या सूचना हिंदीत होत्या. मुलगी मनात मराठी करते, मग उत्तर देते, आणि घड्याळ तेवढा वेळ थांबत नाही. व्ही. व्ही. कामतांनी १९३०च्या दशकात बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नडमध्ये आणली. एवढ्या वर्षांनी वेग मोजायच्या चाचण्या खेड्यातल्या पोराला त्याच्या बोलीत मिळू नयेत, याची मला शिक्षिका म्हणून लाज वाटते.

माझं मागणं मोठं नाही. असं ऑपरेशन करणाऱ्या रुग्णालयांनी ऑपरेशनच्या आधी एकदा आणि वर्षाने एकदा ही सविस्तर तपासणी लिहून द्यावी. आमच्याकडे आधीची नोंद नाही. त्यामुळे काय आधीच गेलं होतं आणि काय ऑपरेशनने वाचलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पाचवी आणि आठवीत अभ्यास एकदम वाढतो, तेव्हा परत तपासावं. आणि जादा वेळेचा निर्णय करताना शिक्षण खात्याने सरासरीऐवजी वेगाचा आकडा पाहावा. मोयामोयाची मुलं थोडी, म्हणून सोडून देऊ नका. अशाच चिंचोळ्या धमन्या सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या काही मुलांतही होतात, आणि विदर्भात सिकलसेल किती आहे हे मी सांगायला नको.

शाळेत अहवालाची झेरॉक्स दिली होती. ती कार्यालयातल्या फायलीत गेली. वर्गावर पोचली नाही.

परवा त्या कोऱ्या सहा उदाहरणांची झेरॉक्स काढून तिला स्वयंपाकघरात बसवलं. भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलं. मी भाजी निवडली, भाकऱ्या केल्या, ती लिहीत होती. पाच बरोबर आली. सहावं चुकलं. ते आधी मी करून पाहिलं होतं, माझंही चुकलं होतं.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. कराड, जि. सातारा
(नाव छापू नये ही विनंती. नात अजून त्याच शाळेत आहे.)