अव्याला पत्र : राहून गेलेला एक फ्री

पुणे, १४ ऑक्टोबर

प्रिय अव्या,

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, याची लाज वाटते. फोन करणार होतो, पण फोनवर तू मध्येच तोडतोस आणि हे मला सलग सांगायचंय. प्रकृती ठीक. आईचा गुडघा आहे तसाच.

आपला पहारेकरी आठवतो ना, सर्व्हरवर लक्ष ठेवणारा आपला प्रोग्रॅम? एका रुग्णालयाच्या लॅबच्या सर्व्हरवर मीच तो बसवला होता. मंगळवारी पहाटे तिथली मेमरी संपली. अशा वेळी एखादा प्रोग्रॅम मारून मेमरी मोकळी करणारा कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) ओओएम किलर उठला आणि त्याने डेटाबेस मारला, कारण सगळ्यात जास्त मेमरी डेटाबेसकडे. पहारेकरी अडीच जीबी गिळून जिवंत! चोर सोडून संन्याशाला फाशी. रक्ताचे रिपोर्ट दोन तास अडकले. खाली लोक ताटकळत होते रे.

मेमरीची गळती, म्हणजे घेतलेली मेमरी परत न देणं, कुठे होती, ओळख बघू. प्रत्येक प्रोसेसची सीएमडीलाइन फाइल (ती कुठल्या कमांडने सुरू झाली ते सांगणारी) वाचतो तिथे. कर्नल थ्रेडची, म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या प्रोसेसची, ती फाइल रिकामी असते. ओळ वाचणारं गेटलाइन फंक्शन उणे एक देतं, आपण लगेच रिटर्न करतो. पण ओळ ठेवायला १२० बाइटचा बफर त्याने आधीच घेतलेला असतो. वाचणं फसलं तरी तो फ्री करायचा, म्हणजे ती मेमरी परत द्यायची, असं त्याच्या मॅन पेजमध्ये (माहितीच्या पानावर) लिहिलंय. मेमरी वाटणाऱ्या मॅलॉकच्या हिशेबात १२८ बाइट, २०० कर्नल थ्रेड, दर १० सेकंदांनी एक फेरी : दिवसाला २२० एमबी. ११ दिवसांत एवढं साचलं.

सांगलीच्या खोलीतलं भांडण आठवलं का? तू म्हणत होतास, प्रत्येक रिटर्नच्या आधी फ्री कर. मी म्हणत होतो, प्रोग्रॅम संपला की कर्नल सगळी मेमरी परत घेतोच. दोन दिवस अबोला, आणि तरी तू माझ्याच डब्यातली चटणी खात होतास! तेव्हा तो एकदा चालून संपायचा, म्हणून माझंही खरं होतं. पुढे मीच त्याला लूपमध्ये घालून डिमन (मागे कायम चालत राहणारा प्रोग्रॅम) केला, आणि ते रिटर्न तसेच ठेवले. तुला विचारायला हवं होतं.

गळती शोधणारं व्हॅलग्राइंड लावलं होतं, पण कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी मशिनपासून वेगळ्या केलेल्या कप्प्यात. तिथे कर्नल थ्रेड दिसतच नाहीत, त्यामुळे कोड त्या वाटेने कधी गेलाच नाही. सगळं स्वच्छ. या घोळानंतर थेट मशिनवर चालवलं, तर ‘डेफिनेटली लॉस्ट’च्या (नक्की गळलेल्या मेमरीच्या) रांगा.

आणि अलार्म? तो रात्रपाळीच्या पोरांनी बंद करून ठेवला होता. आताच्या आयओवेटमधून (डिस्कची वाट बघण्यात गेलेल्या वेळाच्या आकड्यातून) आपण मागचा वजा करतो, दोन्ही अनसाइन्ड लाँग लाँग, म्हणजे उणे होऊच न शकणारे आकडे. पण आयओवेट कधीकधी मागेही जातो. चारातून पाच गेले की १८४४६७४४०७३७०९५५१६१५! असले टक्के बघून अलार्म रोज उगाच कोकलायचा. कंटाळून त्यांनी सगळेच अलार्म गप्प केले, मेमरीचाही. त्यांना मी कुठल्या तोंडाने बोलू? एक चूक दुसरीवर पांघरूण घालत होती, हेच मला झोपू देत नाही.

आता बफर लूपच्या बाहेर एकदाच घेतलाय, आणि सगळे रिटर्न एका गोटूने (थेट उडी मारायच्या आज्ञेने) शेवटच्या सफाईकडे नेलेत. हो, गोटू! मोड बोटं. नवा आयओवेट जुन्यापेक्षा कमी आला तर फरक शून्य धरतो. थेट मशिनवर चार दिवस झाले, आरएसएस, म्हणजे पहारेकऱ्याने व्यापलेल्या मेमरीचा आकडा, जागचा हललेला नाही.

तुझी फळछाटणी झाली का? अण्णांचं डोळ्याचं ऑपरेशन कधी? वहिनींना नमस्कार. बेदाणा पाठवू नकोस, मीच येतो न्यायला.

अहवालात चूक माझी म्हणून लिहिलंय. पण फाइलच्या माथ्यावर अजून आपल्या दोघांची नावं आहेत. वरिष्ठ म्हणाले, सोडून गेलेल्यांची नावं काढून टाका. तुझं काढायला माझा हात होत नाही. ठेवू ना? एवढं कळव.

तुझा,
मिलिंद